नारायणीचा ण

मुक्काम कल्याणी, आश्विन शुद्ध सप्तमी, १९५१

नवरात्रात मी गावातल्या बायकांना स्तोत्रं शिकवते. आज देवीपुढे त्यांतल्या सुशीलेला रडवलं, ते मनातून जाईना, म्हणून लिहिते. स्तोत्र म्हणताना ती 'नारायनी' म्हणाली. मी मध्येच थांबवलं, "ण म्हण. नीट बघून वाच." तिने वही पुढे केली. सगळं स्तोत्र उर्दू अक्षरांत.

"बाई, आमच्या शाळंत हेच शिकवलं. ह्याच्यात ण न्हाईच, तर वाचू कुठून?"

कमलाक्का म्हणाल्या, "देवीला उर्दू कळती व्हय गं?" सगळ्या हसल्या. मीही. सुशीला वही तिथेच टाकून रडत गेली. उद्यापासून येत न्हाई, म्हणाली.

मी का हसले? माझं कॉलेज उर्दूतच झालं. निजामाचं राज्य गेलं म्हणून ती अक्षरं मला परकी झाली?

संध्याकाळी तिची वही घेऊन बसले. जिथे ण हवा तिथे उर्दू 'न'च्या खाली तांबडा ठिपका दिला. वाचताना कुठे अडले नाही.

दिवेलागणीला तिच्या घरी गेले, तांबडा ठिपका म्हणजे ण, असं सांगितलं. तिने ठिपका बघून उंबऱ्यातच वाचलं, "नारायणी." ण स्वच्छ. उद्या सुरुवात तूच करायची, एवढंच मी म्हणाले. माझं चुकलं म्हणायला जीभ वळली नाही.

सुशीलेच्या हाती दिलं: तिची वही, आणि उरलेल्या स्तोत्रांसाठी माझी तांबड्या शाईची दौत.