ढगातली इस्त्री

३ जून
जेवताना मेहुण्याशी वाजलं. तो ग्रिडच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर. म्हणे, अख्खा देश ऊन-वाऱ्यावर चालवायचा तर वीज साठवायची सोय हवी, लांबलांबच्या तारा हव्यात, शेजाऱ्यांशी देवाणघेवाण हवी. नुसत्या सबबी! म्हटलं, आधी घर चालवून दाखवतो. पुढच्या रविवारी ये बघायला.

५ जून
गच्चीत पॅनेल, कठड्यावर पवनचक्की, जिन्याखाली बॅटरी. मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडला. वर चिकटपट्टी. बायको म्हणाली, माझ्या शिलाई मशीनचं काय? नवरीचा पोशाख रविवारी द्यायचाय, मैत्रिणीची एकुलती एक मुलगी. म्हटलं, देश चालणार आणि तुझं मशीन चालणार नाही होय?

६ जून
ढग. मनावर घेतलं नाही.

७ जून
ढगच. वाराही पडला. चक्की एकदा बोटाने फिरवली, सुरुवात करून द्यावीच लागते. घराला वेळापत्रक लावलं: मिक्सर आणि मशीन एकदम नाही, फ्रिजला दुपारी विश्रांती. बायको काहीच बोलली नाही. पटलेलं दिसतंय.

८ जून, दुपार
मशीन बंद. सुई कापडातच अडकली. बायको बोलली. बरंच बोलली. ते इथे लिहीत नाही.

९ जून, शुक्रवार
जिंकलो! आभाळ तसंच काळं, तरी मशीन सकाळपासून खडखडतंय, इस्त्रीसुद्धा तापतेय. मला खोलीत प्रवेश नाही, पांढऱ्या कापडाला हातांचे डाग पडतात म्हणे. नसू दे. सिस्टीमला रुळायला वेळ लागतो, हे मी म्हणतच होतो. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, भावजी, ढगात इस्त्री? म्हटलं, जळू नकोस.

१० जून
ऊर्जामंत्र्यांसाठी टिपण लिहायला घेतलं. विषय: बॅटरीचा बागुलबुवा.

११ जून, रविवार
मेहुणा आला. चिकटपट्टी बघितली, मान डोलावली. मी भाषण सुरू केलं. तो तोवर शिलाईच्या खोलीत जाऊन वाकला. पडद्यामागून एक पिवळी वायर निघाली, ती खिडकीतून थेट शेजारीणबाईंच्या स्वयंपाकघरात. बायको टीप घालता घालता म्हणाली, शुक्रवारपासून.
मेहुणा हसला असता तर बरं झालं असतं. उलट शांतपणे म्हणाला, शेजारी असे जोडलेले असले ना भावजी, की देशाचंही जमेल. मी म्हटलं, मग मी वेगळं काय सांगत होतो?

संध्याकाळी
पोशाख वेळेवर गेला. नवरीची आई बायकोच्या गळ्यात पडून रडली. मला कुणी विचारलं नाही. काम झालं म्हणून शेजारीणबाई वायर गुंडाळून घेऊन गेल्या. मेन स्विच वर करायला मी ठाम नकार दिला. बायको आणि मेहुणा शेजारी जेवायला गेले. मी तत्त्वासाठी थांबलो.
थोड्या वेळाने बायको ताट घेऊन आली. म्हणाली, अंधारात उपाशी बसू नका. ताटासोबत मेणबत्ती.
मेणबत्ती अक्षय ऊर्जेत मोडते का, बघायला हवं. आजच्यापुरती मोडते असं धरलंय.