डिव्हायडरमधली वाट

आबा, हायवेच्या डिव्हायडरमधली तुमची वाट मी बंद करायला लावली. वर येऊन कुणी चुगली करायच्या आधी मीच सांगते. बाप असता तर पोरीची ही हिंमत झाली नसती, असं गाव म्हणतंय. तुम्ही असता तरी केलं असतं. माफी मागायला लिहीत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

तो दिवस मला लख्ख आठवतो. हायवे चौपदरी झाला, मधे सिमेंटचा डिव्हायडर आला, आणि गाव अलीकडं नि शिरोलीची एमआयडीसी पलीकडं अशी वाटणी झाली. आपल्या खानावळीचे सगळे डबे पलीकडच्या फाउंड्रीत जायचे, आणि हायवेखालनं जायचा बोगदा पार तिकडं ओढ्यापाशी. वळसा लई लांब पडतो म्हणून तुम्ही अर्ज दिले, हायवेच्या साहेबांच्या केबिनबाहेर बसून राहिलात, पण कुणी दाद दिली नाही. मग एका सकाळी तुम्ही पहार घेऊन निघता, मागनं अख्खं गाव. मी दप्तर पाठीला लावून कडेला उभी आहे. सिमेंटचा पहिला तुकडा पडतो आणि लोक तुमच्यावर गुलाल उधळतात. मी विचारलं, गाडी आली तर? तुम्ही सगळ्यांपुढं मला झापलंत, "गाडी थांबंल. गाव थांबणार न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, पण अभिमानही वाटला होता, खोटं कशाला बोलू.

गाडी थांबत नाही, आबा. तुम्ही माणसापुरती फोडलेली फट तुमच्यामागं लोकांनी रुंद केली. आधी मोटरसायकली, मग रिक्षा, मग डेक वाजवत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर तिथंच वळायला लागले. एसटीचा कंडक्टरसुद्धा त्या फटीपाशी 'आबांचा कट' म्हणून हाक द्यायचा. दरवर्षी रस्ता सुरक्षेच्या आठवड्यात ट्रॅफिकचे साहेब यायचे, हेल्मेट नसलेल्याला गुलाबाचं फूल द्यायचे, फोटो काढून जायचे. फूल खिशाला खोवून तो पावणा लगेच उलट्या बाजूनं कटात घुसायचा. कुणाची पावती फाडली, की वळखीचा हाय, सोडा की, म्हणायला निम्मं गाव गोळा. नियम सगळ्यांना तोंडपाठ आहेत, फक्त ते दुसऱ्याच्या गाडीला लागू आहेत.

आणि मग आईला उडवलं. दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेऊन ती कटाच्या तोंडाशी उभी होती. उलट्या बाजूनं आलेला मोटरसायकलवाला कुणी परका नव्हता, आपल्याच गल्लीतला, बोगद्याचा वळसा वाचवत होता. मी पोचले तेव्हा रस्ताभर आमटी सांडलेली आणि भाकऱ्यांवरनं गाड्या चाललेल्या. तिच्या मांडीत रॉड घातलाय, तेव्हापासून वॉकर आहे. शुद्धीवर आल्यावर बाई म्हणते काय, माझंच चुकलं, मी बघितलं न्हाय. तुमच्या कटाला तिनं कुणाला नावं ठेवू दिली नाहीत. माझा असा संताप झाला, आबा. तिच्यावर, त्या पोरावर, आणि सगळ्यात जास्त तुमच्यावर.

कट बंद करायला हायवेच्या साहेबांनी गावाचा ठराव मागितला. मी ग्रामसभेत उभी राहिले. तुमच्या बरोबरीनं पहार चालवलेले तुमचे दोस्त सगळ्यांदेखत म्हणाले, "बापाचं नाव पुसाय निघालीस व्हय गं?"

"बापाचं नाव माझ्या दारावर हाय," मी म्हटलं. "हायवेवर मला आईची मोडल्याली तंगडी दिसती."

मग वळसा लांब पडतो, धंदे बसतील, तुझाच पहिला बसेल, असं बरंच झालं. बसू दे, म्हटलं. हात वर करा म्हटल्यावर पहिले हात बायकांचे गेले, रोज जीव मुठीत धरून कामाला पलीकडं जाणाऱ्या. बायकोचा हात वर बघून काही बाप्यांनीही नाइलाजानं केले. काँक्रीट ओतलं त्या दिवशी ते घट्ट होईस्तोवर मी तिथनं हलले नाही. घरी आले तर आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. भाकऱ्या थापून द्यायची, पण माझ्याशी शब्द नाही.

आता सायकलच्या हँडलला डबे अडकवून मी बोगद्यातनं जाते. ओढ्याकडचा चढ छाती फोडतो. आमटी गार झाली म्हणून दोन-तीन गिऱ्हाइकं तुटलीसुद्धा. परवा अशीच दमून उंबऱ्यात टेकले, तर इतक्या दिवसांनी आई बोलली. तव्यावरची नजर न हलवता म्हणाली, "लांब पडतंय न्हवं?"

"कुठलं लांब," मी म्हटलं, "ही गेले नि ही आले."

तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

तुम्हाला म्हणून सांगते. लांब पडतंय, आबा. लई लांब पडतंय. तुम्ही म्हणत होता ते खोटं नव्हतं. पण कट उघडणार नाही, तुम्ही स्वतः खाली आलात तरी नाही. हा कागद मात्र मी लपवून ठेवणार आहे. वळशाचं खरं आईला कळता कामा नये. तुमची पहार अजून दारामागं, आईच्या हाताशी उभी आहे, आणि तिचा तुमच्यावर फार जीव आहे.