दोन्ही डोळे उघडे ठेवून

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

नवी वही. चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्या कंपनीची भेट. कागद चांगला, पण हल्ली रेघा फार जवळजवळ छापतात. मी एक सोडून एक रेघेवर लिहिणार.

काल संध्याकाळी कन्येच्या खोलीतून आरडाओरडा. मार त्याला, मागून मार, पळतोय बघ, डोक्यात घाल! धावत गेलो. बबडी (वय तेरा, दूध पिताना अजून मिशी उमटते) पलंगावर मांडी घालून मोबाइलवर माणसं मारत होती. एकवीस झाली म्हणाली. विचारलं, लाज नाही वाटत? म्हणाली, वाटते ना, परवा पंचवीस होती.

आणि योगायोग बघा. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पालकसभेत बोलायला मलाच सांगितलंय. तारीख २८. विषय: हिंसक खेळ आणि आपली मुलं. वीस मिनिटं. एवढे डॉक्टर-वकील पालक असताना चष्मेवाल्याला बोलावलं, म्हणजे काहीतरी पाहूनच बोलावलं असणार. सौ. म्हणते, बाकीच्यांनी नाही म्हटलं.

संकल्प: घरापासून सुरुवात. मोबाइल जप्त. आवाज न चढवता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आवाज चढला. मोबाइल कपाटात बंद केला. नंतर लक्षात आलं की माझाही मोबाइल त्याच कपाटात राहिला आणि किल्ली सापडत नाही. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं. शेवटी बबडीने केसांतल्या पिनेने दीड मिनिटात कुलूप उघडून दिलं. हे कुठे शिकलीस? म्हणाली, गेममध्ये.

भाषणासाठी मुद्दा पहिला मिळाला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना वाद. बबडीचं म्हणणं, तू गेम कधी खेळला नाहीस, बंदूक कधी हातात धरली नाहीस, मग भाषण कशावर देणार? तेरा वर्षांच्या मुलीने बापाला असं विचारावं! पण मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी पाणी प्यायलो.

मग मला एक झकास कल्पना सुचली. जुन्या क्रीडा संकुलाच्या तळघरात एअर रायफलचा क्लब आहे. खरी रायफल किती जड असते, किती जबाबदारीची असते, हे कळलं की खोट्या बंदुकीचं वेड आपोआप उतरतं. दोघांनीही नाव घालायचं. २६ तारखेला प्रत्येकी दहा छर्रे. मी जिंकलो तर तिने गेम कायमचा काढून टाकायचा. ती जिंकली तर गेम राहणार, आणि मी भाषणाच्या सुरुवातीला भर सभेत माझा स्कोअर वाचून दाखवायचा.

सौ. साक्षीदार. ती मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली. हसण्याचा आवाज आला. बहुधा रेडिओ.

७ फेब्रुवारी, शनिवार

क्लबचा पहिला दिवस. कोच एक बारीकशा बाई आहेत, दिवसा पोस्टात शिक्के मारतात. तासभर रायफल हातातच दिली नाही. नियम सांगितले. नळी कायम समोर. बोट ट्रिगरबाहेर. कुणी पुढे गेलेलं असेल तर रायफल खाली. मी मान डोलावत होतो. बबडी वहीत लिहून घेत होती. शाळेत कधी लिहीत नाही.

मग डोळ्यांची परीक्षा. मी मनात हसलो. बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासतो आहे. हात लांब करून पंजांची खिडकी करायची, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ जागेवर दिसतं तो नेमाचा डोळा. बबडीचा उजवा. माझा डावा निघाला.

कोचबाई म्हणाल्या, डाव्या खांद्यावरून मारा, नाहीतर डावा डोळा झाका. आणि एकदा डोळे तपासून घ्या.

मला! मी नम्रपणे सांगितलं की मी उजव्या हाताचा माणूस आहे, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून जगलो आहे. त्या काही बोलल्या नाहीत. काही लोकांना ज्ञानासमोर गप्प बसायची समज असते.

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी

अभ्यासासाठी गेम डाउनलोड केला. फक्त अभ्यासासाठी. नाव घेतलं 'गरुडनजर'. दुकानातल्या तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत एक डाव खेळलो. पावणेदोन मिनिटांत मेलो. कुणी मारलं ते दिसलं नाही. अक्षरं मुद्दाम बारीक ठेवतात, लुबाडायचे धंदे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आठ डाव. अभ्यास खोल चालला आहे. बबडीने मला तिच्या टीममध्ये घेतलं. या खेळात पडलेल्या गड्याला दुसऱ्याने येऊन उठवता येतं. मी पडलो की ती उड्या मारत येते, उठवते, आणि तेवढ्यात स्वतः गोळी खाते. चार वेळा असं झालं.

मुद्दा: गेममुळे मुलं स्वतःच्या जिवाबद्दल बेफिकीर होतात.

टीममधला एक नऊ वर्षांचा भिडू मला म्हणाला, काका, तुम्ही दाराआडच बसा, काही करू नका. उद्धट पिढी. पण दाराआड बसल्याने पाच मिनिटं जास्त जगलो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात किरकोळ गैरसमज. बँकेतल्या मॅडमना तपासणीची फ्रेम चढवली, काचा घातल्या, आणि एक मिनिट म्हणून मागे गेलो. डाव रंगात आला होता. पस्तीस मिनिटांनी बाहेर आलो तर मॅडम तशाच बसलेल्या. मी आत ओरडल्याचं त्यांना ऐकू गेलं होतं. काय, तर, सोडू नका म्हातारीला! म्हातारी म्हणजे शत्रूच्या एका गाडीचं टोपणनाव आहे, हे त्यांना पटलं नाही.

दुपारी घरी डुलकी लागली असता कुरियरवाल्याने बेल दाबली. मी सोफ्यामागे दडलो आणि तिथूनच दार उघडायला निघालो होतो, असं सौ.चं म्हणणं. सोफ्यामागून दार उघडता येत नाही. बायका वाढवून सांगतात.

बबडी मात्र हल्ली ओरडत नाही. रोज आरशासमोर पाण्याची भरलेली बाटली लांब धरून उभी असते. हात थरथरू द्यायचा नाही म्हणे. माझ्या शिस्तीचा परिणाम.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दहा छर्रे. माझ्या नेमाच्या कार्डावर तीन भोकं. रायफलची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, वाकडी आहे. कोचबाईंना सांगितलं. त्यांनी तीच रायफल घेऊन मधोमध मारून दाखवलं आणि म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. कुणाला म्हणाल्या कळलं नाही. तिथे बरेच लोक होते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण रोजनिशीशी खोटं बोलू नये.

बबडी माझ्या डाव्या हाताला, शेजारच्या पट्ट्यात उभी होती. दोघांना झाकणात दहा-दहा छर्रे मोजून दिलेले. शेवटी कार्डं काढली. माझ्यावर पाच भोकं. तिच्यावर चौदा. दहा छर्ऱ्यांची चौदा भोकं कशी होतील? अर्थ उघड आहे. माझ्या झाकणातले उचलले.

मी सगळ्यांसमोर बोललो. चोरी केलीस म्हणालो. ती म्हणाली, बाबा, मी नाही घेतले, ते वरचे चार तुझेच आहेत. म्हणजे वर खोटंही! मी कार्डं खिशात घातली. कोचबाई काहीतरी सांगायला पुढे आल्या, पण घरच्या गोष्टीत बाहेरच्यांनी पडू नये असं मी ठणकावलं.

घरी येताना ती माझ्या चार पावलं मागून चालली. सिग्नलला वळून बघितलं तर डोळे पुसत होती. मन घट्ट केलं. भाषणासाठी मुद्दा नववा: हिंसक खेळांमुळे मुलं चोरी आणि खोटं बोलणं शिकतात, माझ्या स्वतःच्या मुलीने माझे छर्रे चोरले. स्वतःच्या घरचं उदाहरण दिलं की सभा हलते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बबडी बोलत नाही. मागितलं तर मीठ पुढे सरकवते, एवढंच. सौ.ने विचारलं, तू स्वतः किती छर्रे मारलेस? दहा. आणि भोकं पाच. मग पाच कुठे गेले? मी म्हणालो, काही छर्रे भोक न पाडताही जातात.

गेम एकट्यानेच खेळलो. पडलो. उठवायला कुणी आलं नाही. पडद्यावर आपलाच माणूस जमिनीवर सरपटताना बघत बसावं लागतं. फार वाईट वाटतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरात गोळीबार नाही, ओरडणं नाही. मला हीच शांतता हवी होती. करमत नाही.

भाषण तयार. सहा पानं, मुद्दे बारा. दुकानातल्या मुलीकडून टाइप करून घेतलं. अक्षर बारीक ठेवलं तिने, कागद वाचवते बिचारी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बबडीने सात दिवसांनी एक वाक्य उच्चारलं, तेही कोचबाईंना. गुरुवारी ती आधी मारणार, तिचं कार्ड काढून घ्यायचं, तिच्या पट्ट्यात कोरं कार्ड लावायचं, आणि मग मी एकट्याने मारायचं. कोचबाई लगेच हो म्हणाल्या. काय डाव आहे कोण जाणे. मला हरकत नाही. सत्याला कोऱ्या कार्डाची भीती नसते. (हे वाक्य भाषणात घालावं.)

२६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.४०

ती उभी राहिली. श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबली. दहा छर्रे, चौऱ्याऐंशी गुण. माझी मुलगी एवढी शांत उभी राहू शकते हे मला माहीत नव्हतं. क्षणभर पैज विसरून टाळी वाजवणार होतो.

मग मी. उजवा खांदा, दोन्ही डोळे उघडे. शेजारच्या पट्ट्यात कुणी नाही. दहा छर्रे मारले. रायफल खाली ठेवली. कोचबाई जाऊन दोन्ही कार्डं घेऊन आल्या.

माझ्या कार्डावर दोन भोकं. अकरा गुण.

कोऱ्या कार्डावर सात. एक लाकडात.

कोचबाईंनी समजावलं. डावा डोळा माशीवर नेम धरतो, रायफल उजव्या खांद्यावर, म्हणून नळी हातभर डावीकडे वळते. दोन आठवडे मी लेकीच्या कार्डावर मारत होतो. वर म्हणाल्या की सातही एकमेकांच्या जवळ आहेत, हात चांगला आहे तुमचा. ते मला ऐकू आलं, पण उपयोग झाला नाही. मला वाटलं होतं, बबडी आता ऐकवेल. तिने नुसतं ते सात भोकांचं कार्ड घडी घालून दप्तरात ठेवलं.

वाटेत दोनदा बोलायला तोंड उघडलं. पहिल्यांदा बस आली. दुसऱ्यांदा काही आलं नव्हतं, तरी बोललो नाही. बाप आहे मी, सॉरी म्हणायलाही जरा सराव लागतो. घरी आल्या आल्या मुद्दा नववा पेनने जाड रेघ मारून खोडला. निदान ते तरी केलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८

सभेला दोनशे पालक. मी ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. माझा स्कोअर अकरा, मुलीचा चौऱ्याऐंशी. हशा पिकला. लोकांना विनोद वाटला. इथवर झकास.

मग कागद उघडला. सभागृहात उजेड कमी असावा. कागद लांब धरला. आणखी लांब धरला. हात संपला. दोनशे माणसं बघतायत आणि मी, बावीस वर्षं मुरलेला चष्मेवाला, कागदाकडे बघून घाम पुसतोय.

तेवढ्यात बबडी दुसऱ्या रांगेतून उठली, पायऱ्या चढून वर आली, माझ्या हातातला कागद घेतला आणि वाचायला लागली. खणखणीत. कुलूप उघडण्याचा मुद्दा वाचला, जिवाबद्दल बेफिकीर होण्याचा वाचला. नववा आला आणि थांबली.

मी डोकावलो. मी खोडली होती ती ओळ शेजारची. आठवा मुद्दा गेला होता. नववा जसाच्या तसा उभा.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्याने वाचलं, एकही शब्द न गाळता. माझ्या स्वतःच्या मुलीने माझे छर्रे चोरले.

माइक ओढून घेतला. सराव नव्हता तरी बोललो. म्हटलं, चोरी झाली नाही. तिच्या कार्डावर मीच मारत होतो. ती खरं सांगत होती आणि मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालो. हे कुठल्या गेममध्ये शिकलो मला माहीत नाही. बबडे, चुकलं माझं.

मागून एका गृहस्थांनी हात वर केला. मला वाटलं, विषयावर प्रश्न आहे. त्यांनी विचारलं, तुमच्या दुकानात डोळे तपासतं कोण?

पायऱ्या उतरताना बबडी कानाशी म्हणाली, ऊठ बाबा, उठवलंय तुला. मी तिचा हात धरला.

१ मार्च, रविवार

दुकान बंद, तरी उघडलं. बबडीने मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि काचा बदलत विचारत राहिली, हे बरं का ते बरं? मी दोनदा फसवायचा प्रयत्न केला, तक्ता मला पाठ आहे. तिने तक्ता उलटा लावला.

नंबर: जवळचा, पावणेदोन. किमान चार वर्षांपासूनचा असावा. नेमाचा डोळा: डावा.

गेम राहिला. त्यांच्या टीममधला नऊ वर्षांचा भिडू म्हणे विचारत होता, काका कुठे गेले? बबडीने सांगितलं, चष्मा लावायला.

नवा चष्मा चढवून ही वही पहिल्या पानापासून वाचून काढली. अक्षर भयंकर आहे. मजकूर त्याहून.