पुसट नावांचा चेंडू

राजोडी, ता. वसई
दि. ९ सप्टेंबर १९८४

चि. कॉन्रॅड यास,
सालोमीबायचे अ. उ. आ. वि. वि.

येशू-मरियेच्या कृपेने आम्ही ठीक आहोत. तूही असशील असं धरून चालते, कारण ईस्टरनंतर तुझं पत्र नाही. बाल्टिमोरच्या हॉटेलात दिवसभर कांदे कापणाऱ्या माणसाला बहिणीसाठी दोन ओळी लिहायला हात उरत नसेल, हे मी समजून घेते.

मागच्या आळीतले बॅप्टिस्टकाका ऑगस्टात वारले. तरुणपणी अमेरिकन बोटीवर होते, तेच. बायको नाही, मूल नाही. माहीमहून पुतण्या आला आणि त्याने दोन दिवसांत काकांचं सगळं घर ओट्यावर मांडून विकून टाकलं. खाट, घड्याळ, तांब्याची भांडी, अगदी चष्मासुद्धा. मला लुगडी ठेवायला काहीतरी हवंच होतं, म्हणून पस्तीस रुपयांना एक पत्र्याची ट्रंक घेतली. घरी उघडून पाहते तर तळाशी चामड्याचा अवाढव्य हातमोजा आणि एक चेंडू. मोजा सुजलेल्या पंजासारखा. तुझे लुईसभावोजी म्हणाले, की खाडीत खेकडे धरायला बरा आहे. चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढाच, पण चुन्यात पडल्यासारखा पांढरा, त्याला लाल टाके, आणि वर शाईने लिहिलेली इंग्रजी नावं, बारा-तेरा असतील. निम्मी पुसट झाली आहेत. वाचता आली तेवढी विनीकडून वेगळ्या कागदावर उतरवून घेतली, ती सोबत पाठवते. विनी म्हणजे शेजारची, कॉन्व्हेंटात शिकलेली. ती म्हणते, हा बेसबॉलचा चेंडू, तुमच्याकडचा खेळ. याला काही किंमत येईल का, तेवढं विचार.

उगाच विचारत नाही. भावोजींचा डावा डोळा गेला ते तुला माहीत आहे. आता उजव्याचाही पडदा सुटायला लागला आहे. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, नाताळच्या आत शस्त्रक्रिया झाली तर आहे ती नजर टिकेल, नाहीतर नाही. चौदा हजार सांगितले. बांगड्या मोडून आणि साठवलेलं काढून पाच झाले. पुढे कुठे हात पसरायचा ते मला सुचत नाही. मी फार घाबरले आहे, कॉन्रॅड.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, पण तो अधूनमधून टपालातून येऊ दे.

तुझी
बाय


बाल्टिमोर
दि. २७ सप्टेंबर १९८४

ती. सालोमीबायस,
कॉन्रॅडचा सा. न. वि. वि.

कांदे मी आता कापत नाही, मासे साफ करतो. बढती झाली. पत्र लिहिलं नाही म्हणून दोन्ही कान धरतो, आणि त्याची भरपाई म्हणून तुला लगेच चांगली बातमी देतो.

बंदराजवळ जुनं खेळाचं सामान घेणारा एक म्हातारा दुकानदार आहे. त्याला तुझा कागद दाखवला. तिसऱ्या नावाला त्याने चष्मा घातला आणि पाचव्या नावाला मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, की पन्नास वर्षांपूर्वी हा संघ इथल्या घराघरात ठाऊक होता. यातले बहुतेक आता या जगात नाहीत. सह्या त्यांच्याच हातच्या असतील तर चेंडूचे पंधराशे डॉलर तो उभ्या उभ्या देईल. म्हणजे आपले सतरा हजार. बाय, मी दुकानाच्या पायरीवर बसून रडलो.

आता पुढचं नीट वाच. चेंडूला पाणी लावू नकोस, घासू नकोस, उन्हात ठेवू नकोस. त्या नावांना कोणी बोटही लावू नये. अक्षरं कितीही पुसट असोत, त्या माणसांच्या हातची आहेत म्हणूनच त्यांना मोल आहे, हे त्या म्हाताऱ्याने मला दोनदा बजावलं. मऊ फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेव. पाचूबंदरच्या बेनेडिक्टची बोट नोव्हेंबरात सुटून इकडे लागणार आहे, त्याच्या हाती दे.

भावोजींना सांग, खेकडे हातानेच धरा. मला पाटीवर अक्षर गिरवायला त्यांनीच बसवलं होतं. त्यांची नजर राहावी म्हणून माझ्या हातून एवढं होत असेल तर परदेशात काढलेली वर्षं वाया गेली नाहीत असं मी म्हणेन.

माया आहे तशी राहू दे, बोलणी थोडी कमी कर.

तुझा
कॉन्रॅड


राजोडी
दि. १० ऑक्टोबर १९८४

चि. कॉन्रॅड यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण तुमच्याकडे येणारी पाचूबंदरच्या बेनेडिक्टची बोट, नोव्हेंबरात सुटायची ती, महिनाभर आधीच निघाली. तो आज सकाळी गेला. पुन्हा असा भरवशाचा माणूस कधी मिळणार, म्हणून तुझी वाट न पाहता चेंडू आणि मोजा त्याच्याकडे दिला. किंमत आली तर चांगलंच, नाही आली तर तुझ्या हॉटेलातल्या पोरांना खेळायला होईल.

नोव्हेंबरातला मृतांचा दिवस जवळ आला. दफनभूमीतले क्रूस चुन्याने रंगवायचे आणि त्यांवरची पुसट नावं काळ्या रंगाने पुन्हा गिरवायची, हे काम गेली तीस वर्षं भावोजींचं आहे. यंदाही लोक बोलवायला आले. दोन क्रूसांवर ओळ खाली घसरली, पण कोणी एक शब्द काढला नाही. मीही नाही.

ते संपल्यावर त्यांनी चेंडू हातात घेतला. म्हणाले, की माणूस गेला तरी त्याचं नाव वाचता आलं पाहिजे, आणि घेणाऱ्याला नावच दिसलं नाही तर तो पैसे कशाचे देईल. मला पटलं. मी रिठ्याच्या पाण्याने चेंडू स्वच्छ पुसून दिला, दिवसभर वाळवला. मग पाच सकाळी ओट्यावर बसून, भिंग डोळ्याला लावून, चार केसांच्या कुंचल्याने त्यांनी एकेक नाव गिरवलं. क्रूसांचाच रंग, पावसापाण्यात न जाणारा. ज्याचं जसं वळण तसंच ठेवलं. एका माणसाने आपल्या नावाखाली शेपटी काढली होती, तीसुद्धा. पाचही दिवस ते गुणगुणत होते. या वर्षात मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

चेंडू आता असा सुरेख दिसतो की दुकानदार दोन पैसे जास्तच देईल.

आठवण ठेव, आणि जेवत जा वेळेवर.

तुझी
बाय


राजोडी
दि. १७ ऑक्टोबर १९८४

चि. कॉन्रॅड यास,
अ. उ. आ.

तुझं सत्तावीस तारखेचं पत्र आज आलं.

भावोजी समोर बसले होते, म्हणून मोठ्याने वाचायला घेतलं. पंधराशे डॉलर वाचले तेव्हा त्यांनी हात जोडले. मग मी पुढच्या ओळीवर आले, पाणी लावू नकोस, त्यावर, आणि तिथेच थांबले. त्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, पुढे कॉन्रॅडचं अक्षर लागत नाही. ते थोड्या वेळाने काठी घेऊन विहिरीकडे गेले.

रंग काढता येईल का? रॉकेलने, टर्पेंटाइनने, कशानेही? बेनेडिक्टला तार करावी तर बोट समुद्रात. मला काही सुचत नाही. मीच तो धुऊन त्यांच्या हातात दिला. त्यांना हे कळलं तर डोळ्यांआधी ते मनाने जातील. तूच काहीतरी कर.

बाय


बाल्टिमोर
दि. २० नोव्हेंबर १९८४

ती. बायस,
सा. न. वि. वि.

हा कागद फक्त तुझ्यासाठी आहे. दुसरा भावोजींना वाचून दाखव.

बेनेडिक्ट परवा आला. चेंडू घेऊन मी त्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने तो फिरवून फिरवून पाहिला आणि हळूच टेबलावर ठेवला. रागावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. रंग चामड्यात मुरला आहे, काढायचा तर चामडंही निघेल, असं म्हणाला. आणखी तीन दुकानं पाहिली, तिथेही तेच. टाक्यांजवळ एका पुसट नावाला रंग लागलेला नव्हता. मला आशा वाटली. म्हाताऱ्याने तिथे भिंग धरलं, तर तो चेंडू बनवणाऱ्या कारखान्याचा छाप निघाला.

मोज्याचे तीस डॉलर आले. त्यात माझ्याजवळचे घालून दीडशे पाठवतो. याहून मला काही करता येत नाही, बाय. इथे लोक मला विचारतात घरी सगळं बरं ना, आणि मी मासे साफ करत राहतो.

भावोजींच्या कागदात असं लिहिलं आहे, की सह्या खेळाडूंच्या नव्हत्याच, संघाच्या कारकुनाने सगळ्यांची नावं लिहिली होती, म्हणून मुळातच किंमत नव्हती. अक्षर मात्र कोणी काढलं हे सगळे विचारत होते, असंही लिहिलं आहे. तेवढं तरी खरं आहे. म्हाताऱ्याने खरोखर विचारलं.

जशी आहे तशी माझ्यावर माया ठेव.

तुझा
कॉन्रॅड


राजोडी
दि. ६ जानेवारी १९८५

चि. कॉन्रॅड यास,
लुईसचे अ. उ. आ. वि. वि.

ओळी वाकड्या असतील तर सांभाळून घे. खाली पट्टी धरून लिहितो आहे. सालोमी बाजाराला गेली आहे. पत्ता घालून टपालात टाकायला विनीला सांगितलं आहे.

नाताळ झाला. शस्त्रक्रिया झाली नाही, आणि डॉक्टर म्हणाले की आता उपयोग नाही. उन्हाकडे तोंड केलं की उजेड कळतो, जवळची मोठी वस्तू कळते. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझं पत्र सालोमीने वाचून दाखवलं. कारकुनाची गोष्ट चांगली लिहिलीस. पण ऑक्टोबरात ती तुझं पत्र वाचताना थांबली आणि तुझं अक्षर लागत नाही म्हणाली. कॉन्रॅड, तुझं अक्षर मी बसवलेलं आहे. ते न लागणारं नाही. मला तेव्हाच कळलं की पुढच्या ओळीत माझ्या हातून झालेलं काहीतरी आहे. पुढचं मी विहिरीवर बसून जुळवलं. तीस वर्षं मेलेल्यांची नावं गिरवली. गिरवलं की ते अक्षर त्यांच्या घरच्यांनी लिहिलेलं राहत नाही, माझं होतं, हे मला समजायला हवं होतं. मला कळलं आहे हे सालोमीला कळू देऊ नकोस. ती सारखी जपून बोलते. तिला वाटतं मी सुखात आहे, तर वाटू दे.

आता एक काम. टाक्यांच्या कडेला एक फारच पुसट नाव होतं. पाचही सकाळी प्रयत्न केला, पण ते मला लागेना. चुकीचं गिरवून त्या माणसाचं नाव बिघडवायला नको म्हणून तेवढं मी सोडलं. त्याला माझा कुंचला लागलेला नाही. ते दुकानदाराला दाखव. एकाच नावाचे फार येणार नाहीत, पण मला आता डोळ्यांसाठी नकोत. सालोमीच्या बांगड्या परत येतील एवढे आले तरी पुष्कळ.

तुझं उत्तर तिच्याच हाती पडेल. म्हणून काम झालं तर पत्रात नुसतं एवढंच लिही, की इकडे बर्फ पडलं. ती ते मला वाचून दाखवेल आणि मी समजेन. रोज टपालाच्या वेळी मी ओट्यावर येऊन बसतो.

थंडीत कान बांधत जा, आणि आम्हा दोघांवर जीव असू दे.

तुझा
लुईस