तिच्या पायाशी ठेवलेला स्पीकर

ताई,

आधी नमस्कार, मग हवं तेवढं रागावून घे. रविवारी दुपारी तिसऱ्या गाण्याला मी तिच्या सॅक्सोफोनचा आवाज वर ढकलला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

मी ठणठणीत आहे. दोन वेळा जेवतो. आईचा गुडघा कसा आहे? कॉलेज सोडल्यावरून बाबा अजून धुमसतात का?

तुला लिहिलं होतं ती हीच, जॅझवाली. हॉलमध्ये आवाजाच्या मशीनवर मीच होतो. ड्रमवाला तिच्याकडे बघून हसला, तीही हसली. माझं डोकं फिरलं. त्याचा ड्रम बुडवायचा म्हणून तिचा आवाज वाढवला. तो आणखी जोरात बडवायला लागला, मी आणखी वाढवला. स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून तिच्या पायाशी एक स्पीकर असतो, तोही वाढवला. खिडक्या थरथरत होत्या. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते, आणि ती वाजवणं सोडून डावा कान दाबून उभी होती.

त्या कानाने तिला अजून ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस थांबा.

"त्या रेड्याने बडवून बडवून माझा कान घालवला," असं ती मलाच सांगते. त्याच्याशी बोलणं सोडलंय. चहाला मला बोलावते. हवं होतं तेच झालं गं, आणि मी मान डोलावत तिचा चहा पितो.

आत्ता ती हॉलमध्ये एकटीच सराव करतेय. खरं सांगितलं तर माझं तोंड बघणार नाही. आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस.

चप्पल घातलीय. दार ओढून घेतो. आधी तिच्याकडे, टपालपेटी नंतर.

तुझा तापट धाकटा