काझी, उंदीर आणि अध्यक्षाची खुर्ची

४ ऑक्टोबर, बुधवार

आज बोललेल्या एका वाक्याची खरी किंमत मांडून ठेवतो. वसूल करताना काही राहून जायला नको.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, घामाने वाया. रव्याचा बसबूसा दोन किलो, मी नेला आणि त्यांनी खाल्ला. दुकान चारलाच बंद केल्यामुळे परत गेलेली गिऱ्हाइकं तीन, पैकी एक आख्खं बाथरूम घेणारं. रक्तदाबाची जादा गोळी, एक. आणि अवातिफचं हसू. लग्नाला एकतीस वर्षं झाली, घरात रोज हसते, पण चारचौघांत माझ्यावर कधी हसली नव्हती.

लायब्ररीच्या बाथरूमचे सगळे नळ मी फुकट बसवून दिले, म्हणून ग्रंथपाल मॅडम रावयांनी आम्हा दोघांना वाचन-बैठकीत घेतलं. दर बुधवारी असरच्या नमाजनंतर, पाचला. आमच्यासकट चौदा सभासद. सध्याचा ग्रंथ म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या एका काझीचं चरित्र. सुलतान त्याला मानाचा झगा पाठवतो, काझी परत करतो. असं तीन वेळा. सगळे वाहवा, वाहवा करत होते. मी एवढंच म्हणालो की तिसऱ्यांदा परत करणारा माणूस नको म्हणत नसतो, भाव वाढवत असतो.

चाळीस वर्षांच्या धंद्याचं सार होतं ते.

अध्यक्ष उस्ताद वगदी, निवृत्त शाळा-निरीक्षक. चष्मा पुसत मला म्हणाला, हाज दसूकी, नळ उघडल्याशिवाय पाणी येत नाही हे तुम्हाला आम्ही काय सांगणार? ग्रंथाचंही तसंच असतं.

हशा.

ग्रंथ मी उघडला नव्हता, हे खरं आहे. पण त्याला ते कळलं कसं?

ठराव: २९ नोव्हेंबरला नव्या अध्यक्षाची निवड आहे. त्या दिवशी वगदी त्या हातवाल्या, गादीच्या खुर्चीवरून उठेल आणि मी बसेन. सगळ्यांसमोर. अवातिफसमोर.

५ ऑक्टोबर, गुरुवार

राग उतरला. मी मोठ्या मनाचा माणूस आहे, हज करून आलेला, उगाच हाज म्हणत नाहीत. आमच्या मन्सूरा गावात कोणालाही विचारा.

दुपारी पुन्हा चढला.

९ ऑक्टोबर, सोमवार

देव न्यायी आहे. वगदीच्या घरातली फ्लशची टाकी गळते. त्याच्या जिन्यातला इस्त्रीवाला माझ्या गल्लीतल्या न्हाव्याला सांगत होता, मी तोंडाला साबण लावून बसलो होतो. माझे कान म्हणजे कान आहेत.

संध्याकाळी वगदी स्वतः वॉशर घ्यायला दुकानात. जुना इटालियन माल, गावात फक्त माझ्याकडे मिळतो. मी फार वाईट वाटल्याचा चेहरा केला. म्हटलं, उस्ताद, संपलाय, बंदरातून यायला महिना तरी लागेल. तो म्हणाला, काही हरकत नाही, बादली आहे. आणि माझ्या हातचा चहा पिऊन गेला.

खणात चाळीस वॉशर आहेत. मोजून बघितले, बरं वाटलं.

११ ऑक्टोबर, बुधवार

बैठक दुसरी. प्लॅन: आज फक्त ऐकायचं. ऐकूनच मी मोठा झालो. बारा वर्षांचा असताना दुसऱ्याच्या दुकानात फरशी पुसत होतो, मालक गिऱ्हाइकाशी काय बोलतो ते ऐकत होतो. पुस्तकाची गरज पडली नाही.

आज कळलेली उपयुक्त गोष्ट: वगदी म्हणतो, जुने लोक सरळ बोलत नाहीत, रूपकात बोलतात. सिंह म्हटलं की राजा समजायचा, विहीर म्हटलं की मन. सोपं आहे. हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

अवातिफ तीनदा बोलली. वगदीने दोनदा मान डोलावली. परत येताना तिला म्हटलं, शत्रूला मान डोलवायला देऊ नये. ती म्हणाली, हाज, तुम्ही पुस्तक वाचा बरं.

१४ ऑक्टोबर, शनिवार. कैरो

खास आलो. बैठकीतले सगळे नव्या छपाईच्या स्वस्त प्रती वाचतात, वगदीसुद्धा. मी जुनी प्रत आणून आपटणार, शंभर वर्षांपूर्वीची, कातडी बांधणीची. बंदूक मोठी असली की अर्धं युद्ध तिथेच संपतं.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात शिहाता नावाचा म्हातारा भेटला. त्याच्याकडे होती. किंमत ऐकून मी उठलो. तो म्हणाला, बसा हो हाज, या एकात दोन पुस्तकं आहेत. मी म्हटलं, चाचा, मला एकच हवंय, दुसऱ्याचे पैसे कमी कर. त्याने कपाळाला हात लावला आणि खरंच कमी केले.

असा सौदा मन्सूरात दुसरा कोणी करून दाखवावा.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

वाचायला बसलो. पानाच्या मधोमध चौकटीत मोठं अक्षर, भोवती कडेने बारीक अक्षर. पहिलं पान झोप येईपर्यंत वाचलं. चार ओळी.

२५ ऑक्टोबर, बुधवार

बैठकीला गेलो नाही. तयारी चालू आहे असा निरोप दिला. त्याला घाबरू दे.

चार ओळींवरून दिवसभर विचार केला आणि उजेड पडला. माणूस करारनाम्यात कुठे फसतो? मोठ्या अक्षरात? मोठ्या अक्षरात तर सगळे गोडच बोलतात. खरी गोष्ट कडेला बारीक अक्षरात असते. आणि ती बारीक अक्षरं नव्या स्वस्त प्रतींत छापलेलीच नाहीत! मी अवातिफची प्रत उघडून खात्री केली. काढून टाकली आहेत. कोणी काढली? निरीक्षकांनीच, दुसरं कोण.

आजपासून फक्त कड वाचायची.

१ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं. 

मधूनच उघडलं, पान एकशे बारा. कडेला लिहिलंय: त्याला रोज अर्धपोटी ठेवावं. डोळ्यांवर कातडी टोपी चढवावी म्हणजे तो आरडाओरडा करत नाही. पायाला दोरी बांधावी. मन मोडलं की तो मालकाच्या मनगटावर निमूट येऊन बसतो. पोट बिघडलं तर उंदराचं मांस द्यावं.

तो म्हणजे काझी! मालक म्हणजे सुलतान! डोळ्यांवर टोपी, म्हणजे सरकारी अन्यायाकडे बघायचं नाही. दोरी, म्हणजे पगार. उंदीर बराच वेळ सुटत नव्हता. मग वगदीचंच वाक्य आठवलं, जुने लोक रूपकात बोलतात. उंदीर म्हणजे लाच. अंधारात येते, भिंतीतून येते, आणि एकदा खाल्ली की पोट ताळ्यावर येतं.

म्हणजे मी पहिल्या दिवशी जे बोललो तेच खरं निघालं. काझी विकला गेला होता. आणि हा वगदी तीस वर्षं पोरांना त्याच्या ताठ मानेचं कौतुक शिकवत आला.

अवातिफला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मागची दहा पानं आधी वाचा, काहीतरी चुकतंय. तिने आख्खा ग्रंथ दोनदा वाचलाय म्हणे. बायकांना वेळ असतो.

मागची पानं वाचली नाहीत. माल हातात आल्यावर गोदाम कशाला बघायचं?

६ नोव्हेंबर, सोमवार

वगदी वॉशरची चौकशी करून गेला. अजून बंदरातच आहे म्हटलं. म्हणाला, बादलीमुळे व्यायाम होतो. त्याची गंमत वाटतेय त्याला. हसून घे.

मतांचं काम सुरू केलं. अवातिफ आणि वगदी सोडून उरलेल्या अकरांपैकी नऊ जणांच्या घरी जाऊन आलो. म्हटलं, नळ, गीझर, मोरी, काहीही तुंबलेलं असेल तर माझा माणूस पाठवतो, पैशाचं नाव काढायचं नाही. मग २९ तारखेचा विषय काढला. नऊही जण म्हणाले, इन्शाअल्लाह, हाज.

गिऱ्हाईक इन्शाअल्लाह म्हणालं की ते पुन्हा दुकानात दिसत नाही, हे मला माहीत आहे. पण ही शिकलेली माणसं आहेत. नऊ मतं खिशात. नावं लिहून ठेवली आहेत.

१५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी ३. आज बदला. पंधरा वेळा आरशासमोर म्हणून बघितलं. शेवटी वगदीकडे बोट करायचं: उस्ताद, नळ तर उघडला, आता पाणी कसं वाटतंय? न्हाव्याकडे जाऊन आलो.

संध्याकाळ. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

ग्रंथ टेबलावर आपटला. धूळ उडाली, दोघं शिंकले. मी उभा राहून दहा मिनिटं बोललो. टोपी, दोरी, मनगट. मॅडम रावया लिहून घेत होत्या. उंदराचा अर्थ सांगितला तेव्हा मागून कोणीतरी अल्लाह, अल्लाह म्हणालं, चांगल्या गाण्याला म्हणतात तसं. अवातिफने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, अभिमानाने.

मग वगदी म्हणाला, हाज, बघू जरा. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. पान मागे उलटलं, आणखी मागे. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, मोडला.

त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं. पूर्वी कागद महाग, म्हणून छापणारे एका पानावर दोन ग्रंथ छापत. मधे एक, कडेला दुसराच, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मधला काझीचा. आणि कडेचा ससाणा पाळण्याचा.

ससाणा. पक्षी. उंदीर म्हणजे उंदीर.

हसायला किती वेळ लागावा? मॅडम रावयांना पाणी द्यावं लागलं. एक जण खुर्चीवरून घसरला. एकटा वगदी हसत नव्हता. तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि सगळ्यांसमोर माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. ससाण्याचा हा ग्रंथ तो सत्तावीस वर्षं शोधत होता म्हणे. निरीक्षक असताना गावोगाव विचारत फिरला. सगळ्यांनी सांगितलं, नष्ट झाला. म्हणाला, हाज दसूकी, तुम्ही कधी उघडलं नसतंत तर मी हे न बघता मेलो असतो.

बोट करायचं वाक्य तयार होतं, ते कुठे बसेना.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

शांतपणे विचार केला. पराभव कोणाचा झाला? सत्तावीस वर्षं जे त्याला मिळालं नाही, ते मी एका शनिवारी आणलं, तेही घासाघीस करून. शिवाय तो रडला. मी रडलो नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

वगदी आता रोज दुकानात येतो. पुस्तक मी घरी न्यायला देणार नाही असं बजावलंय, म्हणून तो कमोडच्या खोक्यांमधे टेबल लावून कडेचं एकेक पान वहीत उतरवतो. अक्षर सुरेख, मोती ओवल्यासारखं. लांबलचक अलिफ, म्हणजे आमचं पहिलं अक्षर, उभी रेघ, खाली किंचित वळवलेला. शत्रू माझ्या छपराखाली, माझ्या परवानगीने, माझा चहा पितोय. याला गुडघे टेकवणं म्हणतात.

मधेमधे वाचूनही दाखवतो. ससाण्याला पहिल्यांदा मोकळं सोडताना मालकाने हाक मारायची नसते, वाट बघायची असते. ऐकायला बरं आहे. एक गिऱ्हाईक बेसिन विसरून ऐकत उभं राहिलं.

वॉशर दिला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

उद्याचा हिशेब पक्का. गेल्या बुधवारी बैठकीत नियम आला: उमेदवाराने स्वतःला मत द्यायचं नाही. मी जोरात अनुमोदन दिलं. ज्याच्या खिशात नऊ आहेत त्याला स्वतःच्या मताची काय पडली?

मॅडम रावयांनी तिसरं नाव सुचवलं, अवातिफचं. मी हसलो आणि हो म्हटलं. वगदीची दोन-तीन मतं फुटतील, तेवढंच बरं. माझं मत मी तिलाच टाकणार, म्हणजे कोणाला फायदा न होता वाया जाईल. घरात शांतताही राहील.

तिने रात्रीच्या जेवणाला भरलेली कबुतरं केली. तिलाही कल्पना आली असावी की उद्या अध्यक्षाला जेवायला घालायचंय.

भाषण तयार. वगदीला माफ करण्याचा परिच्छेद शेवटी ठेवलाय. गरज पडली तरच वाचायचा.

२९ नोव्हेंबर, बुधवार

उस्ताद वगदी खुर्चीवरून उठले. म्हटल्याप्रमाणे, २९ तारखेला, सगळ्यांसमोर.

अवातिफ बसली. गादी तिने उलटी करून घेतली, म्हणाली, एका बाजूने दबली होती. पुढचा ग्रंथही जाहीर केला, ससाण्याचा. टाळ्या थांबेनात. भाषण खिशातच राहिलं.

चिठ्ठ्या मॅडम रावयांनी सगळ्यांना दिसाव्यात म्हणून टेबलावर पसरल्या होत्या. अवातिफ नऊ, त्यात एक माझी. उस्ताद वगदी चार.

माझ्या नावाची एकच. लांब अलिफ, खाली किंचित वळवलेला.