विळ्याचा सरळकोन

३ फेब्रुवारी १८६३. पोलंड, लुब्लिनजवळचे जंगल
झारविरुद्ध उठाव सुरू होऊन दोन आठवडेही झाले नाहीत, आणि मी तुकडीप्रमुख! भूमितीचा अध्यापक असल्याने शस्त्रांचा प्रश्न तत्काळ सोडवला. बंदुका नाहीत, परंतु प्रत्येक शेतकऱ्याकडे गवत कापायचा लांब दांड्याचा विळा आहे. त्याचे पाते दांड्याशी काटकोनात असते. लोहाराकडून ते सरळकोनात बसवून घेतले, की भाला सिद्ध. सर्वांना फळ्याविना समजावले. मेहुणा सेवेरिन म्हणाला, भावोजी, समोरच्या तोफेला भूमिती येते का? चेष्टेखोर स्वभाव. पत्नी तेओफिलाला शब्द दिला आहे: तुझ्या भावाला घेऊनच परतेन.

१९ मार्च
बर्फ. सराव तहकूब. फ्रेंच सैन्य मे महिन्यात मदतीला येणारच. संकल्प: फ्रेंच क्रियापदांची उजळणी.

११ मे
फ्रेंच निघालेले नाहीत. रस्ते ओले असावेत.

१५ जून
थोराड शेतकरी बाल्त्सेर म्हणाला, मास्तर, गवत गुडघ्याच्या वर गेलंय, विळा पुन्हा वाकवून घेतो. मी स्वातंत्र्याची व्याख्या उदाहरणांसह सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, सगळं पटलं, पण गाय काय खाईल? मार्मिक शंका. उत्तर उद्या देईन.

१६ जून
शेतकरी पहाटेच गेले. ही रजा समजावी. सेवेरिन म्हणाला, भावोजी, आपणही घरी जाऊ, हवं तर ताईला मी सांगतो. मी म्हणालो, रेषेला दोन बिंदू पुरतात, तुकडीलाही पुरतील. तो हसला, आणि थांबला.

२० जून
झारचे कोसॅक घोडेस्वार आले. सेवेरिनचा पवित्रा अचूक. भाल्याचा कोन अचूक. मी झाडीत होतो. प्रमुखाने मागे राहावे, असा नियम आहे. नंतर बराच वेळ डोळ्यांना नीट दिसेना. धूर फार होता.
जवळच गवत कापत असलेल्या बाल्त्सेरने त्याला कुरणाच्या कडेला पुरले. म्हणाला, मास्तर, तुम्ही बसा, तुम्हाला खणणं जमायचं नाही.

२७ जून. घरी
तेओफिलाने दार उघडले. नखशिखांत काळा पोशाख. तिला कळले आहे, या विचाराने क्षणभर हायसे वाटले. मग आठवले: देशाच्या सुतकात आमच्या बायका दोन वर्षांपासून काळेच घालतात.
माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहत ती म्हणाली, आणि सेवेरिन कुठंय? खालीच रेंगाळला वाटतं. अहो, हाक मारा ना त्याला, सूप निवतंय.
विषय गुंतागुंतीचा आहे. क्रमाने मांडावा लागेल. आधी प्रस्तावना हवी.
मी म्हणालो, येतोय.
दार अजून उघडेच आहे.